वायरलेस माइकची वीज आणि फँटम पॉवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिक्सरवर फँटम पॉवरचं, म्हणजे केबलमधून माइकला वीज देण्याचं, ४८ व्होल्टचं बटण असतं आणि माइकमधून आवाज आला नाही की हात आधी तिकडेच जातो. तारेच्या कंडेन्सर माइकसाठी, म्हणजे चालायला वीज लागणाऱ्या माइकसाठी, ते बरोबर आहे. वायरलेस माइकसाठी ते बटण काहीच करत नाही, आणि मधली केबल चुकीची असेल तर रिसीव्हरला इजाही करू शकतं. खालच्या सगळ्या उत्तरांमागे एकच विचार आहे: प्रत्येक तारेकडे बघून विचारायचं, या तारेतून डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) कोण देतंय आणि कोण घेतंय?

वायरलेस माइकला फँटम पॉवर लागते का?

नाही. फँटम पॉवर तारेतून जाते, आणि वायरलेसमध्ये माइक व मिक्सर यांच्यामध्ये सलग तार नसते. ट्रान्समीटरपासून रिसीव्हरपर्यंत फक्त रेडिओ लहरी जातात. त्यांच्यातून आवाज येतो, माइक चालवण्याइतकी वीज जात नाही. म्हणून दोन्ही टोकांना आपापली वीज लागते. माइकच्या टोकाला, म्हणजे हँडहेल्डमध्ये किंवा कमरेच्या बॉडीपॅकमध्ये, सेल असतात. रिसीव्हरला भिंतीतला अडॅप्टर, स्वतःची बॅटरी किंवा यूएसबी असते.

मिक्सरला दिसतो तो फक्त रिसीव्हर. तो म्हणजे स्वतःच्या विजेवर चालणारं, आवाज बाहेर देणारं यंत्र, कीबोर्ड किंवा प्लेअरसारखंच. त्याला मिक्सरकडून विजेची अपेक्षा नसते. तेव्हा त्या चॅनेलची फँटम बंद ठेवायची.

फँटम पॉवर म्हणजे नेमकं काय?

एक्सएलआर या तीन पिनांच्या माइक केबलच्या पिन २ आणि ३ वरून आवाज जातो, पिन १ ला शील्ड असतं. मिक्सर या पिन २ आणि ३ दोन्हींवर ६.८ किलोओहमच्या एकेका रेझिस्टरमधून सारखाच ४८ व्होल्ट डीसी चढवतो. परतीचा रस्ता पिन १. दोन्ही पिनांवर व्होल्टेज सारखं असल्याने त्यांच्यातला फरक शून्य राहतो, आणि मिक्सरचा इनपुट फक्त फरकच ऐकतो. म्हणून त्याच तारांतून वीज जात असूनही ती ऐकू येत नाही. ‘फँटम’ हे नाव त्यावरूनच पडलं.

आयईसी ६१९३८ या मानकात ४८ व्होल्टच्या पद्धतीला पी४८ म्हणतात. त्यात ४ व्होल्ट कमीजास्त चालतात आणि माइकने जास्तीत जास्त १० मिलिअँपिअर घ्यावेत अशी मर्यादा आहे. १२ आणि २४ व्होल्टचे प्रकारही मानकात आहेत, पण मिक्सरवर भेटतो तो बहुतेक वेळा ४८चाच. हा आकडा रूढ झाला त्यामागे १९६६ साली न्यूमनने नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी बनवलेले केएम ८४ माइक आहेत. तिथल्या स्टुडिओंत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती, माइकही त्यावरच चालवले गेले.

माझ्या हँडहेल्ड वायरलेसवर कंडेन्सर कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) आहे. मग तरी फँटम लागेल ना?

लागणार नाही. कंडेन्सर कॅप्सूलला वीज हवीच असते, पण ती तिला खालच्या ट्रान्समीटरकडून मिळते. जाळीचा गोल फिरवून काढला की कॅप्सूलच्या बुडाशी सोनेरी रिंगा किंवा स्प्रिंगच्या पिना दिसतात. आवाज आणि डीसी दोन्ही तिथूनच ये-जा करतात. एकाच नावाचा माइक तारेचा आणि वायरलेस अशा दोन रूपांत मिळतो तेव्हा हा गोंधळ होतो. शुअरचा बीटा ८७ए तारेच्या रूपात फँटम मागतो. त्याचंच डोकं वायरलेस दांड्यावर बसवलं की दांड्यातले सेल काम करतात आणि मिक्सरचा संबंध संपतो.

या रिंगांवर घाम आणि धूळ बसली की खरखर येते किंवा आवाज मधूनच जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने त्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच डोकं बसवावं. हे करताना ट्रान्समीटर बंद हवा.

कॉलर माइक आणि हेडसेटला वीज कुठून मिळते?

बॉडीपॅकमधून, त्याच बारीक वायरीतून. या माइकांत बहुधा इलेक्ट्रेट कॅप्सूल असते. तिच्यावरचा विद्युतभार कायमचा असतो, त्यामुळे कॅप्सूलला स्वतःला वीज लागत नाही. पण तिच्या मागे बसवलेल्या छोट्या एफईटीला (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) थोडी लागते: काही व्होल्ट, आणि करंट मिलिअँपिअरच्या अंशात. बॉडीपॅक साधारण ५ व्होल्टच्या आसपास हा पुरवठा करतो. याला बायस म्हणायचं. बायस आणि फँटम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. कॉलर माइकला नुसत्या सोल्डर केलेल्या एक्सएलआर कनेक्टरवरून थेट ४८ व्होल्ट दिले तर तो एफईटी जायची शक्यता मोठी.

खरेदी करताना लोक कनेक्टर बसतो का एवढंच पाहतात, आणि तिथेच फसतात. शुअरच्या बॉडीपॅकवर चार पिनांचा छोटा एक्सएलआर, म्हणजे टीए४ असतो: पिन १ ग्राउंड, पिन २ वर ५ व्होल्ट बायस, पिन ३ वर आवाज. सेनहायझरच्या इव्होल्यूशन मालिकेत आटे असलेला ३.५ मिमी जॅक असतो. ऑडिओ-टेक्निकाच्या बऱ्याच जुन्या पॅकवर चार पिनांचा हिरोसे कनेक्टर. दुसऱ्या कंपनीच्या पॅकवरही टीए४ दिसला म्हणून त्याची वायरिंग शुअरसारखीच असेल असं धरू नये. पिना जुळतात आणि आवाज येत नाही, किंवा अगदी बारीक येतो, याचं सर्वात नेहमीचं कारण हेच. पिनांचा तक्ता दोन्हीकडचा पाहावा, मगच माइक घ्यावा.

तोच कॉलर माइक तारेने मिक्सरला लावायचा असेल तर मध्ये पॉवर मॉड्यूल लागतं. ही एक्सएलआरची जाडसर नळी असते. ती ४८ व्होल्ट घेते, माइकला हवं तेवढं कमी करून देते आणि आवाज बॅलन्स्ड करते, म्हणजे पिन २ आणि ३ यांच्यातल्या फरकाच्या रूपात पाठवते. एवढ्या एका मांडणीत कॉलर माइकसाठी फँटम सुरू करावी लागते, कारण तेव्हा तो वायरलेस राहिलेला नसतो.

रिसीव्हर फँटमवरच चालवता आला असता तर अडॅप्टर वाचला असता. का चालत नाही?

हिशोब करून बघू. दोन ६.८ किलोओहमचे रेझिस्टर समांतर आले की ३.४ किलोओहम होतात. माइकने २ मिलिअँपिअर घेतले तर त्याच्यापर्यंत सुमारे ४१ व्होल्ट पोचतात, ५ घेतले तर ३१, आणि १० घेतले तर फक्त १४. या वाटेने जास्तीत जास्त मिळू शकणारी शक्ती ०.१७ वॅट, तीही पुरवठा अगदी ताणल्यावर.

आता दुसरी बाजू. १२ व्होल्टवर २०० मिलिअँपिअर घेणाऱ्या टेबलावरच्या रिसीव्हरला २.४ वॅट लागतात. म्हणजे फँटमकडे त्याच्या चौदाव्या हिश्श्याएवढीच ताकद. ट्रान्समीटर तीन व्होल्टवर दीडशे मिलिअँपिअर घेत असेल तर त्याचेही ०.४५ वॅट होतात. फँटम हा माइकच्या आतला एक छोटा प्रवर्धक चालवण्यापुरता विचार आहे, त्याच्याकडून रेडिओ चालवून घेता येत नाही.

रिसीव्हर लावलेल्या चॅनेलवर फँटम चुकून सुरू राहिली. रिसीव्हर गेला का?

बहुधा नाही. पण उत्तर पूर्णपणे केबलवर अवलंबून आहे.

रिसीव्हरच्या बॅलन्स्ड एक्सएलआर आउटपुटमधून नीट जोडलेल्या एक्सएलआर केबलने मिक्सरला गेला असाल, तर बहुतेक चांगल्या रिसीव्हरांत फँटम अडवायची सोय असते. आउटपुटवर ट्रान्सफॉर्मर असतो किंवा पुरेशा व्होल्टचे कपॅसिटर असतात. डीसी दोघांतूनही पुढे जात नाही. अशा वेळी बटण दाबताना एक धप्प आवाज येतो आणि पुढे सगळं सुरळीत चालतं. पुस्तिकेत आउटपुट फँटमपासून सुरक्षित असल्याचा उल्लेख शोधावा. तो असेल तर काळजीचं कारण नाही.

धोका असतो तो ६.३ मिमीच्या अनबॅलन्स्ड आउटपुटवरून एक्सएलआरला जाणाऱ्या केबलमध्ये. या केबलमध्ये जॅकचं टोक पिन २ ला, आणि बाहेरचा भाग पिन १ व ३ दोन्हींना जोडलेला असतो. फँटम सुरू झाली की दोन गोष्टी एकदम होतात. पिन ३ थेट ग्राउंडला शॉर्ट होते, त्यातून ७ मिलिअँपिअर वाहतात आणि मिक्सरमधला तो रेझिस्टर एक तृतीयांश वॅट उष्णता सोसत बसतो. आणि पिन २ वरचे ४८ व्होल्ट एकट्याने रिसीव्हरच्या आउटपुटवर येतात. त्या आउटपुटला १६ किंवा २५ व्होल्टचा कपॅसिटर असेल तर तो तेवढं सहन करण्यासाठी बनलेलाच नाही. लक्षणं अशी: आवाज फाटका, दबका, गुरगुर आणि केबल हलवली की धडधड. फँटम लगेच बंद केली तर अनेकदा रिसीव्हर सावरतो. तासन् तास तशीच राहिली तर आउटपुटचा आयसी किंवा कपॅसिटर कायमचा जातो.

एक्सएलआर आणि जॅक एकत्र असलेल्या कॉम्बो सॉकेटमध्ये फँटम सहसा फक्त एक्सएलआरच्या पिनांवर असते. रिसीव्हर जॅक ते जॅक केबलने लाइन इनपुटमध्ये लावणं हा म्हणूनच सोपा आणि निर्धोक उपाय आहे.

माझ्या मिक्सरवर एकच बटण आहे, सगळ्या चॅनेलना एकदम फँटम लागते. कंडेन्सर माइक आणि वायरलेस दोन्ही वापरायचे आहेत.

लहान मिक्सरवर हे नेहमीचं आहे. मोठ्यांवरही कधीकधी चार-चार किंवा आठ-आठ चॅनेलचा गट एका बटणावर असतो. पर्याय पसंतीच्या क्रमाने सांगतो.

पहिला, वर सांगितलेला लाइन इनपुट. रिसीव्हरचं आउटपुट लाइन लेव्हलवर ठेवा, गेन खाली घ्या. मोकळा स्टिरिओ चॅनेल असेल तर तिथे लावा, त्याला बहुधा फँटम नसतेच.

दुसरा, मध्ये १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. फँटम तर अडतेच, शिवाय ग्राउंड लूपची, म्हणजे दोन यंत्रांची ग्राउंड एकाहून जास्त वाटांनी जोडली गेल्याने येणारी, गुणगुणही जाते. पैसे कुठे घालायचे असतील तर इथे घालावेत असं आमचं मत आहे. पॅसिव्ह डीआय बॉक्सही (जॅकचा आवाज बॅलन्स्ड करून देणारी ट्रान्सफॉर्मरची डबी) हेच काम करतो, पण तो पातळी बरीच उतरवतो, त्यामुळे गेन पुन्हा चढवावा लागतो.

तिसरा, सोल्डरिंग येत असेल तर स्वतः केलेला फँटम ब्लॉकर. पिन २ आणि ३ या दोन्हींच्या मालिकेत ४७ मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा एकेक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, धन टोक मिक्सरकडे. रिसीव्हरच्या बाजूला पिन २ आणि ३ पासून पिन १ ला १०० किलोओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणजे कपॅसिटरमधला उरलेला भार निचरतो. पिन १ सरळ जोडायची. दोन किलोओहमच्या इनपुटवर हा ब्लॉकर साधारण ३ हर्ट्झच्या खालीच आवाज कापतो, म्हणजे ऐकू येण्याजोगं काही जात नाही. कपॅसिटर उलटा बसला तर तो तापतो आणि फुगतो. बाण आणि ऋण पट्टी दोनदा तपासा. ३५ व्होल्टचे कपॅसिटर हाताशी आहेत म्हणून वापरू नका.

चांगला तारेचा कंडेन्सर माइक घरात आहे. तोच वायरलेस करता येईल का?

येईल, आणि सगळ्या वायरलेस जगात फँटम खरोखर लागते ती इथेच. माइकच्या बुडाशी एक्सएलआरमध्ये खोचायचा प्लग-ऑन ट्रान्समीटर मिळतो. त्यातला कन्व्हर्टर दोन एए सेलमधून ४८ व्होल्ट तयार करतो आणि माइकला देतो.

सगळे प्लग-ऑन फँटम देत नाहीत, हे मात्र घेण्याआधीच पाहायचं. सेनहायझरचा एसकेपी ५०० जी४ ती देतो. त्याच्यासारखाच दिसणारा एसकेपी १०० जी४ देत नाही आणि तो डायनॅमिक (वीज न लागणाऱ्या) किंवा स्वतःची बॅटरी असलेल्या माइकसाठीच उपयोगाचा आहे. दुसरी गोष्ट, प्लग-ऑन किती करंट देऊ शकतो ते. माइकच्या पुस्तिकेतला आकडा त्याहून जास्त असेल तर जोराच्या आवाजाला माइक फाटतो, आणि दोष उगाच रेडिओला लागतो.

सेलही लवकर संपतात. ४ मिलिअँपिअर घेणाऱ्या माइकला ४८ व्होल्टवर सुमारे ०.१९ वॅट लागतात, कन्व्हर्टरची गळती धरून पाव वॅटच्या आसपास. तीन व्होल्टच्या सेलवर हा ८० मिलिअँपिअरचा जादा भार झाला. डायनॅमिक माइक लावल्यावर मेनूमधून फँटम बंद करायची सवय ठेवली तर कार्यक्रमात तासा-दोन तासांचा फरक पडतो.

जुन्या चित्रीकरणाच्या सामानात टी-पॉवरचे शॉटगन माइक सापडतात. त्यांना पिन २ आणि ३ च्या मध्ये १२ व्होल्ट हवे असतात. त्यांना फँटम देऊ नये. त्यांच्यासाठी वेगळा अडॅप्टर येतो.

कॅमेऱ्याला वायरलेस रिसीव्हर लावताना काय सांभाळायचं?

एक्सएलआर असलेल्या कॅमेऱ्यावर प्रत्येक इनपुटला तीन जागांची कळ असते: लाइन, माइक, माइक+४८. रिसीव्हरसाठी पहिल्या दोनपैकी एक. आधीच्या दिवशी शॉटगन माइक लावलेला असतो, कळ ४८ वरच राहते आणि दुसऱ्या दिवशी तिथे ३.५ मिमीच्या केबलने रिसीव्हर येतो. छोट्या रिसीव्हरांचं नुकसान बहुतेक असंच होतं.

३.५ मिमी ते एक्सएलआर केबलमध्ये अजून एक खोच आहे. छोटे रिसीव्हर मोनो ठेवल्यावर डाव्या आणि उजव्या बाजूला एकच आवाज देतात. केबलमध्ये डावी बाजू पिन २ ला आणि उजवी पिन ३ ला जोडलेली असेल, तर कॅमेऱ्याचा इनपुट दोघांतला फरक घेतो आणि सारख्यातून सारखं वजा होऊन जवळपास काहीच उरत नाही. मीटर रिसीव्हरवर नाचतो, कॅमेऱ्यात पातळ, दूरचा आवाज. लोक मग फँटम लावून बघतात, म्हणजे दुखणं एक आणि औषध दुसरंच. योग्य जोडणी अशी: टोक पिन २ ला, बाहेरचा भाग पिन १ आणि ३ ला, मधली रिंग मोकळी.

साध्या कॅमेऱ्याच्या ३.५ मिमी सॉकेटवर २ ते ५ व्होल्टची प्लग-इन पॉवर असते. रिसीव्हरला तिची गरज नसते. बहुतेकांना त्रासही होत नाही. मेनूत बंद करायची सोय असेल तर बंद करावी.

ट्रान्समीटरमध्ये कोणते सेल घालावेत?

कार्यक्रम एकदाच असेल तर ताजे अल्कलाइन. नेहमीचं काम असेल तर कमी स्वयं-गळतीचे निकेल मेटल हायड्राइड रिचार्जेबल. थंडीत उघड्यावर किंवा वजन कमी हवं तिथे एकदा वापरायचे लिथियम एए. झिंक-कार्बनचे, ज्यांवर बहुधा ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेलं असतं, ते घड्याळात घाला; माइकमध्ये नको.

कारण समजून घेण्यासारखं आहे. ट्रान्समीटरच्या आत एक बूस्ट कन्व्हर्टर असतो. सेलचं व्होल्टेज उतरत गेलं तरी तो आतल्या सर्किटला ठरलेलंच व्होल्टेज देत राहतो. म्हणजे खर्च शक्तीचा होतो, करंटचा नाही. ०.४५ वॅट घेणारा ट्रान्समीटर ३ व्होल्टवर १५० मिलिअँपिअर ओढतो, आणि सेल २ व्होल्टपर्यंत उतरले की २२५. सेल थकतो तसा त्याच्यावर ताण वाढतो. झिंक-कार्बनचा अंतर्गत रोध जास्त असतो, तो या ताणाखाली लगेच बसतो. अल्कलाइनही शेवटी असाच पटकन कोसळतो. म्हणून शेवटची पट्टी उरली असताना ‘अजून अर्धा तास निघेल’ हा अंदाज धोक्याचा.

रिचार्जेबल एए १.२ व्होल्टचा असतो म्हणून चालणार नाही ही समजूत चुकीची आहे. भाराखाली तो बराच काळ १.२ च्या आसपास स्थिर राहतो, तर अल्कलाइन १.५ पासून सतत उतरत जातो आणि लवकरच १.२ वर येतो. १९०० ते २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल चांगलं काम देतात. जोड्यांना क्रमांक घाला, जोडी कधी फोडू नका आणि प्रत्येक सेल स्वतंत्रपणे भरणारा चार्जर वापरा. जोडीतला एक कमजोर असेल तर तोच सगळा खेळ थांबवतो.

नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारे जुने ट्रान्समीटर अजून भरपूर वापरात आहेत. अल्कलाइन चौकोनी बॅटरीत ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास क्षमता असते, म्हणजे साडेचार वॅट-तास. दोन एए अल्कलाइनमध्ये सहाहून जास्त. नवे ट्रान्समीटर एए वर का आले ते यावरून कळतं. रिचार्जेबल चौकोनी घेताना लेबल वाचा: सहा घटांची बॅटरी ७.२ व्होल्टचीच असते आणि बरेच ट्रान्समीटर तिला सुरुवातीपासून संपत आलेली समजतात. सात घटांची ८.४ व्होल्टची घ्यावी. काही रिचार्जेबल किंचित जाड असतात, खणात अडकतात. जोर लावून बसवलेली काढताना झाकण तुटतं.

किती तास चालेल? दोन अल्कलाइन एए वर शुअर बीएलएक्सला कंपनी १४ तासांपर्यंत सांगते, सेनहायझर ईडब्ल्यू १०० जी४ ला साधारण ८. आपल्या सेलांवर एकदा घड्याळ लावून मोजावं, आणि त्या वेळेच्या दोन तृतीयांशाला सेल बदलावेत.

मीटर भरलेला दाखवत होता, तरी माइक मध्येच बंद पडला. का?

ट्रान्समीटरचा मीटर व्होल्टेजवरून अंदाज बांधतो आणि तो अंदाज ठरावीक प्रकारच्या सेलसाठी असतो. मेनूत अल्कलाइन ठेवून रिचार्जेबल घातले तर मीटर सुरुवातीलाच अर्ध्यावर दिसतो, बराच वेळ तिथेच राहतो आणि मग एकदम संपतो. मेनूत अल्कलाइन ठेवून लिथियम घातले तर उलटा भ्रम होतो: मीटर जवळपास शेवटपर्यंत भरलेला दिसतो. सेल बदलला की मेनूतला प्रकारही बदलायचा.

मल्टिमीटरने मोकळा सेल मोजून काही कळत नाही. बराच संपलेला अल्कलाइनही १.३ व्होल्टच्या आसपास दाखवू शकतो. सेलच्या दोन टोकांना १० ओहमचा रेझिस्टर लावा, दहा सेकंद थांबा आणि त्याच अवस्थेत मोजा. रेझिस्टर अर्धा वॅटचा हवा. अल्कलाइन १.२ च्या खाली आला तर तो कार्यक्रमासाठी वापरू नका.

सेल चांगले असूनही माइक हलवला की कट्ट करून बंद होत असेल तर खणातली स्प्रिंग बसली आहे किंवा तिच्यावर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड आहे. ती सेलच्या गळतीची. काम संपल्यावर सेल काढून ठेवले असते तर ती झालीच नसती.

यूएसबीवर चार्ज होणाऱ्या छोट्या सेटची बॅटरी कशी जपावी?

हे सेट बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आत लिथियम-आयन घट असतो आणि तो सहज बदलता येत नाही. महिनोन्महिने ठेवायचा असेल तर निम्म्याच्या आसपास भरून, थंड जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी तपासा. पूर्ण रिकामा करून ठेवलेला घट पुन्हा चार्जच घेत नाही असं होतं. उन्हात बंद गाडीत ठेवणं त्याला सर्वांत वाईट.

चार्जिंग सुरू ठेवून ध्वनिमुद्रण करताना घूं असा किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर चार्जर काढून पॉवर बँक लावून पाहा. गेला तर तो चार्जरच्या ग्राउंडचा किंवा त्याच्या स्विचिंगचा होता.

रिसीव्हरचा अडॅप्टर हरवला. दुसरा चालेल?

चार गोष्टी जुळल्या तर. डीसी आहे की एसी, व्होल्ट तेवढेच, मिलिअँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेची ध्रुवता तीच. शेवटची लोक विसरतात: मधली पिन धन की ऋण, हे रिसीव्हरच्या मागे आणि अडॅप्टरवर गोलाच्या चिन्हाने दाखवलेलं असतं. उलट्या ध्रुवतेने संरक्षण नसलेला रिसीव्हर क्षणात जातो. सगळं जुळूनही रिसीव्हरचा पल्ला कमी झाल्यासारखा वाटला तर अडॅप्टरचा रेडिओ गोंगाट कारण असू शकतो. त्याला अँटेनांपासून लांब ठेवून पाहा.

अँटेनाच्या केबलमध्येही व्होल्टेज असतं, ते फँटमच का?

कल्पना तीच, नाव आणि आकडे वेगळे. अनेक रिसीव्हर आणि अँटेना वितरक आपल्या अँटेना सॉकेटवर साधारण १२ ते १५ व्होल्ट डीसी देतात, लांबवर बसवलेला अँटेना बूस्टर चालावा म्हणून. साधी काडी अँटेना याने बिघडत नाही. काही पॅसिव्ह अँटेना मात्र डीसीसाठी आतून शॉर्ट असतात. त्या लावायच्या तर मेनूत हा पुरवठा बंद करा किंवा मध्ये डीसी ब्लॉक घाला. रिसीव्हरवर अँटेना शॉर्टचा इशारा दिसला तर आधी हेच बघा.

चॅनेलवर फँटम आहे की नाही हे कसं तपासायचं?

मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टच्या पट्टीवर. मिक्सरमधून आलेल्या मोकळ्या केबलच्या टोकाला पिन १ आणि २ मध्ये मोजा, मग १ आणि ३ मध्ये. दोन्हीकडे ४४ ते ५२ आले तर फँटम आहे आणि ठीक आहे. पिन २ आणि ३ मध्ये शून्य यायला हवं. एका पिनेवर आहे आणि दुसरीवर नाही, म्हणजे केबल तुटली आहे किंवा आतला रेझिस्टर गेला आहे. बंद केल्यावर आकडा लगेच शून्यावर येत नाही, कपॅसिटर रिकामे व्हायला काही सेकंद जातात. म्हणून केबल काढण्या-लावण्याआधी चॅनेल म्यूट, फँटम बंद, दहा सेकंद थांबणं, हा क्रम.

फँटम नको, सेल नवे आहेत, तरी आवाज नाही. आता?

माइकपासून मिक्सरकडे चालत या. ट्रान्समीटरचा दिवा लागतो का आणि तो म्यूटवर तर नाही ना? रिसीव्हरवर रेडिओचा दिवा आहे का? नसेल तर दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी वेगळी आहे, पुन्हा सिंक करा. रेडिओचा दिवा आहे पण बोलल्यावर आवाजाचा मीटर हलत नाही, तर दोष माइक, त्याची वायर किंवा बायसच्या पिनेत. बॉडीपॅकला दुसरा, चालणारा माइक लावून दोन मिनिटांत कळतं. आवाजाचा मीटर हलतो पण मिक्सरमध्ये काही नाही, तर केबल, रिसीव्हरच्या आउटपुटची पातळी, किंवा चॅनेलवर लाइन आणि माइकची चुकीची निवड. रिसीव्हरला हेडफोनचं सॉकेट असेल तर तिथे ऐकून बघा. तिथे स्वच्छ आवाज असेल तर रिसीव्हरला हात लावायची गरज नाही, केबल बदला.